सीआरपीचा आकडा उतरतोय ना?

स्वादुपिंडाला कन्नडात ‘मेदोजीरक ग्रंथी’ म्हणतात, हे मला मामांच्या आजारपणात कळले. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली आणि डॉक्टरांनी ‘व्हिपल’ शस्त्रक्रिया सुचवली. अमेरिकेतील सर्जन अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया आजही मोठीच समजली जाते. गाठीचा भाग काढून उरलेले स्वादुपिंड आतड्याला जोडतात. खरी भीती त्या जोडाची. स्वादुपिंडाचा रस अन्न पचवतो. तोच जोडातून झिरपला तर आजूबाजूचा भाग जाळतो, एखादी रक्तवाहिनीही फोडतो.

शस्त्रक्रिया उत्तम झाली म्हणताच घरात कुंद्याची भाषा सुरू झाली. डॉक्टर मात्र म्हणाले, “अजून चार-पाच दिवस जाऊ द्या.”

रोज रक्त तपासत होते ते सीआरपीसाठी. शरीरात दाह झाला की यकृत हे प्रथिन तयार करते. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम आढळले. निरोगी माणसात ते साधारण १० च्या आत असते. मामांचे दुसऱ्याच दिवशी दीडशेवर गेले आणि मामी घाबरल्या. पण शस्त्रक्रिया हीच मोठी जखम, त्यामुळे दोन-तीन दिवस आकडा चढणारच. पुढे तो उतरायला हवा, आणि पाहायचे ते हेच.

मामांचा तिसऱ्या दिवशी थोडा उतरला, चौथ्या दिवशी पुन्हा चढला. ताप नव्हता, मामा चहा मागत होते! तरी सीटी स्कॅन झाला. जोडापाशी द्रव साठलेला दिसला आणि बाहेरूनच नळी घालून तो काढला. सीआरपी दुखणे कुठे आहे ते सांगत नाही. त्यासाठी स्कॅन आणि पोटातल्या नळीच्या द्रवातले अमायलेज पाहावे लागते.

नेदरलँड्समधील १७ रुग्णालयांनी अशी लक्षणे व तपासण्या रोज ठरावीक पद्धतीने पाहून स्कॅन कधी करायचा, याचा नियमच घालून घेतला. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: ९० दिवसांतले मृत्यू ५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. औषध नवे नव्हते, फक्त वेळ साधली.

घरच्यांसाठी एक सूचना. काही लॅब सीआरपी लिटरमागे देतात, काही डेसिलिटरमागे. एकीकडचे १४० म्हणजे दुसरीकडचे १४. लॅब बदलली असेल तर ‘आकडा उतरला’ म्हणून गावी फोन करण्याआधी एकक वाचा.