बर्फ घरचा, पण पाणी कुठले?

पाहुण्यांनी घर भरलेले असावे, पन्ह्याचे पेले ओळीने मांडलेले असावेत आणि फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे नेमका रिकामा निघावा, हा अनुभव एप्रिल-मे महिन्यांत शहरातील बहुतेक घरांना येतो. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फाची पिशवी आणली जाते. तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, हे विचारण्याची पद्धत मात्र आपल्याकडे नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग देणे बंधनकारक केले, ते याच कारणाने. मासळी किंवा अन्य नाशवंत माल थंड ठेवण्यासाठी तयार होणारा बर्फ उसाच्या रसात आणि सरबतात पडू नये, हा त्यामागचा हेतू. अर्थात बर्फ पांढरा आहे म्हणून तो स्वच्छ पाण्याचा आहे, अशी हमी कोणताच रंग देऊ शकत नाही.

या शंकेवर उतारा म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर मावणारी बर्फयंत्रे ऑनलाइन बाजारातून घरोघरी पोहोचू लागली आहेत. नळाची जोडणी नको, सुताराचे काम नको. टाकीत पाणी ओतायचे, बटण दाबायचे आणि आठ-दहा मिनिटांत पहिला बर्फ हाती येतो, असे त्यांचे वर्णन केले जाते. ते बव्हंशी खरे आहे. परंतु या वर्णनातून जे गळते, तेच खरेदीपूर्वी जाणून घेण्यासारखे आहे.

यंत्राच्या पोटात

फ्रीजरमधल्या ट्रेत पाणी बाहेरून आत गोठते. या यंत्रात नेमके उलटे घडते. फ्रीजप्रमाणेच यातही कॉम्प्रेसर असतो. त्याने थंड केलेल्या धातूच्या बोटांसारख्या नळ्या, बहुधा नऊ, एका उथळ तबकातील पाण्यात बुडालेल्या असतात. प्रत्येक नळीभोवती बर्फाचा थर चढत जातो. तो पुरेसा जाड झाला की तबक खाली कलते, एक झडप उघडते आणि कॉम्प्रेसरकडून येणारा गरम वायू त्याच नळ्यांमध्ये सोडला जातो. नळ्या क्षणभर तापतात, बर्फ सुटतो आणि एक दाता त्याला पुढच्या टोपलीत ढकलतो. म्हणूनच या यंत्राचा बर्फ चौकोनी नसून अंगठ्याच्या पेराएवढा आणि आतून पोकळ असतो. पोकळ असल्याने तो पेय लवकर थंड करतो आणि तितक्याच लवकर वितळतोही.

दुसरी गोष्ट बर्फाच्या टोपलीची. ती फ्रीजर नव्हे. तिच्याभोवती उष्णतारोधक आवरण असते, थंडावा देणारी यंत्रणा नसते. टोपलीतला बर्फ हळूहळू वितळतो, ते पाणी खालच्या टाकीत उतरते आणि पुन्हा गोठवले जाते. रात्री यंत्र बंद करून सकाळी बर्फ मिळेल, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याच्या वाट्याला पाणीच येईल. बर्फाने जहाजातून महिनोन्महिने प्रवास केल्याचा इतिहास आहे, हे खरे. १८३३ मध्ये बॉस्टनहून निघालेल्या ‘टस्कनी’ या जहाजाने सुमारे चार महिन्यांनी कलकत्त्यात बर्फ उतरवला होता. पण तो शेकडो मणांचा रचलेला ढीग होता, मूठभर पोकळ तुकडे नव्हेत.

‘दिवसाला १२ किलो’चा अर्थ

खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा २४ तासांत १२ किलो असा असतो. याचा अर्थ तासाला अर्धा किलो. म्हणजे दर आठ-नऊ मिनिटांना नऊ तुकडे. ही क्षमता साधारण थंड खोलीत आणि थंड पाण्यावर मोजलेली असते. नागपूरच्या मे महिन्यात, पंखा बंद असलेल्या स्वयंपाकघरात आणि गच्चीवरच्या टाकीतून आलेल्या कोमट पाण्यावर तोच वेग बराच मंदावतो. शिवाय पाण्याची टाकी दोनेक लिटरची आणि टोपलीत मावणारा बर्फ किलोच्या आत. टोपली भरली की संवेदक यंत्र थांबवतो. तेव्हा १२ किलो बर्फ काढायचा तर कुणीतरी दिवसभर टोपली रिकामी करत आणि पाणी भरत बसायला हवे.

हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला, तर तो अधिक उपयोगी पडतो. वीस पाहुण्यांच्या पेल्यांत प्रत्येकी पाच तुकडे टाकायचे, तर शंभर तुकडे लागतील. त्यासाठी अकरा-बारा फेऱ्या, म्हणजे दीड तास किंवा त्याहून अधिक. पाहुणे दारात आल्यावर बटण दाबून भागणार नाही. आदल्या दिवशीच बर्फ काढून पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवावा. तो ओलसर असल्याने तुकडे एकमेकांना चिकटतात, म्हणून तासाभराने पिशवी एकदा झटकून घ्यावी.

विजेचा खर्च मात्र अनेकांना वाटतो तेवढा नाही. अशी यंत्रे साधारण १०० ते १५० वॅट वीज घेतात. त्या हिशेबाने किलोभर बर्फाला ०.२ ते ०.३ युनिट लागते. खरा भुर्दंड यंत्राच्या किमतीचा असतो, आणि ओट्यावरच्या जागेचाही. कॉम्प्रेसरची उष्णता मागच्या-बाजूच्या जाळीतून स्वयंपाकघरातच येते, म्हणून यंत्राभोवती वीतभर मोकळी जागा सोडावी लागते. मुंबईतील अनेक ओट्यांवर गॅसची शेगडी, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर मांडल्यावर एवढी जागा उरत नाही, आणि शेगडीला खेटून तर हे यंत्र ठेवूच नये.

गोठल्याने जंतू मरत नाहीत

घरचा बर्फ बाहेरच्या बर्फापेक्षा सुरक्षित असतो, हे विधान अर्धेच खरे आहे. यंत्र पाणी गोठवते, शुद्ध करत नाही. विषमज्वर, अतिसार किंवा कावीळ पसरवणारे जंतू व विषाणू गोठल्याने हमखास मरत नाहीत. बर्फ वितळला की त्यांतील अनेक पुन्हा सक्रिय होतात. पेयात मद्य असले म्हणजे धोका टळला, हा समजही भरवशाचा नाही. जे पाणी घरातले लहान मूल पेल्याने पिऊ शकेल, तेच टाकीत ओतायचे. पाणी उकळून पिण्याची पद्धत असेल तर ते पूर्ण निवलेले असावे. गरम पाणी यंत्रात ओतू नये.

वितळलेले पाणी पुन्हा टाकीत जाते, ही बाब इथे महत्त्वाची ठरते. टोपलीत घातलेला ओला हात किंवा उष्ट्या पेल्यातून परत टाकलेला एखादा तुकडा पुढच्या प्रत्येक फेरीत उतरतो. बर्फ काढायला यंत्रासोबत येणारा डावच वापरावा. टाकीतले उरलेले पाणी रोज तळाच्या बुचातून काढून टाकावे. नियमित वापरात आठवड्यातून एकदा आतला भाग सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून, दोन-तीनदा खळबळून घ्यावा आणि पहिल्या एक-दोन फेऱ्यांचा बर्फ फेकून द्यावा. आतून गुळगुळीत, बुळबुळीत थर हाताला लागू लागला, तर सफाईला उशीर झाला असे समजावे.

तलावांचे पाणी मिळणाऱ्या मुंबईत क्षारांचा त्रास तुलनेने कमी. मात्र टँकरवर किंवा बोअरवेलवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांत नळ्यांवर पांढरा थर चटकन बसतो. बर्फ पातळ पडू लागतो, नळ्यांना चिकटतो, पंप घरघरतो. अशा वेळी लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवून ते आत फिरवावे व नंतर यंत्र नीट धुवावे. चाकूने किंवा तारेच्या घासणीने नळ्या खरवडण्याचा मोह टाळावा. त्यांच्यावरचा मुलामा तर निघतोच, शिवाय आतला शीतक वायू बऱ्याच यंत्रांत आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो ज्वलनशील आहे.

अमेरिकेतून येणारी भेट

परदेशी असलेल्या मुलांकडून वा भाच्यांकडून असे यंत्र भेट येण्याचे प्रकार वाढले आहेत. अमेरिकेतील यंत्रे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झच्या विजेसाठी बनवलेली असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ. केवळ पिन बदलून ते जोडले तर जळते. ट्रान्सफॉर्मर लावला तरी हर्ट्‌झचा फरक उरतोच. बाजारात घेतानाही मागची पट्टी वाचावी, पंप आणि पंख्याचे सुटे भाग शहरात कोण देतो हे आधी विचारावे. घरी आणलेले यंत्र लगेच सुरू करू नये. वाहतुकीत आडवे झाले असेल तर कॉम्प्रेसरमधले तेल जागेवर येण्यासाठी ते दिवसभर सरळ उभे ठेवावे.

महिन्यातून एकदा चारचौघे येणाऱ्या घराला दोन जादा ट्रे आणि झाकणाचा डबा पुरतो. रोज ताक, सरबते वा कोल्ड कॉफी करणाऱ्या मोठ्या कुटुंबाला, घरगुती खानपानसेवा चालवणाऱ्यांना किंवा ज्यांच्या फ्रीजरमध्ये मासळीमुळे ट्रेला जागाच उरत नाही, त्यांना यंत्राचा उपयोग होतो. मासळी त्या बर्फावर ठेवण्याचा बेत मात्र परवडणारा नाही.

आणखी एक गोष्ट. यंत्र आल्यावर घरात कुणी दिवसभर बर्फच चघळताना दिसले, तर ते केवळ उन्हाळ्यावर ढकलू नये. बर्फ खाण्याची अनावर इच्छा हे शरीरात लोह कमी असल्याचे लक्षण असू शकते, असे वैद्यकशास्त्र सांगते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ताची साधी तपासणी करून घेणे इष्ट.