लहान संगणकातील वाऱ्याचा हिशेब

घरात विजेवर चालणारी उपकरणे पाहा. इस्त्री, शेगडी, पाणी तापविण्याची कांडी ही तर उष्णता देण्यासाठीच बनविलेली असतात. पंखा वारा देतो, दिवा प्रकाश देतो. मग खेळ खेळण्याचा संगणक काय देतो? पडद्यावर डोंगर कोसळतात, गाड्या धावतात, किल्ले ढासळतात; परंतु प्रत्यक्षात एक खडाही जागचा हललेला नसतो. संगणकाच्या पेटीतून पडद्याकडे जाते ती केवळ चित्राची माहिती, आणि तिच्याबरोबर जाणारी ऊर्जा अगदी नगण्य असते. तेव्हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम लावला तर उत्तर एकच उरते : पेटीत ३५० वॅट वीज शिरत असेल, तर तिच्यातून ३५० वॅट उष्णताच बाहेर पडली पाहिजे. या दृष्टीने अशी पेटी म्हणजे जवळजवळ अर्धी इस्त्री होय.

मोठ्या कॅबिनेटमध्ये ही उष्णता फारशी जाणवत नाही. खरी परीक्षा होते ती लहान कॅबिनेटमध्ये. व्हिया या कंपनीने २००१ साली अवघ्या १७ सें.मी. लांबी-रुंदीचा मदरबोर्ड पुढे आणला. ‘मिनी-आयटीएक्स’ या नावाने ते माप रूढ झाले आणि पुस्तकांच्या कपाटात मावतील असे संगणक घरच्या घरी जुळविता येऊ लागले. आपण उदाहरणासाठी कूलर मास्टर कंपनीचे ‘एनआर२००’ हे २०२० सालचे कॅबिनेट घेऊ. त्याचे आकारमान १८.२५ लिटर, म्हणजे अंघोळीच्या एका बादलीएवढे आहे. बाजारात याहून लहान, ७-८ लिटरची कॅबिनेटेही मिळतात.

आता एक सोपे गणित करा. पेटीतील १८ लिटर हवेचे वजन किती? एक लिटर हवा सुमारे १.२ ग्रॅम भरते; म्हणजे सारी मिळून २२ ग्रॅमही नाही. एक ग्रॅम हवा १ अंश सें.ने तापविण्यास साधारण १ ज्यूल उष्णता लागते. ३५० वॅट म्हणजे सेकंदाला ३५० ज्यूल. ही पेटी पूर्ण बंद केली आणि सारी उष्णता हवेनेच घेतली, तर हवेचे तपमान एका सेकंदात सुमारे १६ अंशांनी वाढेल! प्रत्यक्षात धातूचे भाग बरीचशी उष्णता शोषून घेतात, म्हणून इतकी घाई होत नाही. पण हवेचा साठा किती तुटपुंजा आहे ते यावरून कळते. पेटीतील हवेने काम भागत नाही. हवा सतत बाहेरून आली पाहिजे आणि बाहेर गेली पाहिजे.

किती हवा? वरच्याच आकड्यांवरून सूत्र मिळते. वॅटला १.२ ने भागा, येणाऱ्या संख्येला दर सेकंदाला वाहणाऱ्या लिटरांनी भागा. उत्तर येते ते हवेच्या तपमानातील वाढ. ३५० वॅटसाठी सेकंदाला १० लिटर हवा वाहिली तर ती २९ अंशांनी तापून बाहेर पडेल. २० लिटर वाहिली तर १५ अंशांनी, ३० लिटर वाहिली तर १० अंशांनी. पहिल्या दहा लिटरांच्या वाढीने १४ अंश वाचले, पुढच्या दहांनी फक्त ५. म्हणून पंख्यांवर पंखे लावीत जाण्यात अर्थ नाही. एका मर्यादेनंतर पदरी पडतो तो नुसता आवाज.

पंख्याच्या खोक्यावरील आकडे वाचतानाही सावध असावे. १२० मि.मी.चा एक नामांकित पंखा तासाला १०२ घनमीटर, म्हणजे सेकंदाला २८ लिटर हवा ढकलतो असे छापलेले असते, आणि त्याचा दाब पाण्याच्या २.३४ मि.मी. स्तंभाएवढा असल्याचेही छापलेले असते. दोन्ही आकडे खरे आहेत. पण ते एकाच वेळी खरे नसतात. पहिला आकडा पंख्यापुढे काहीही अडथळा नसतानाचा, तर दुसरा पंख्याचे तोंड पूर्ण बंद केल्यानंतरचा, म्हणजे वाहणारी हवा शून्य असतानाचा. कॅबिनेटमध्ये जाळी असते, धूळ अडविणारी गाळणी असते, तारांचे जुडगे असते. तेथे पंखा या दोन टोकांच्या मधे कोठेतरी काम करतो आणि वारा निम्म्यावर आला तरी नवल नाही. गाळणीवर महिनाभराची धूळ साचली की तो आणखी घटतो. गाळणी झटकून काढणे हा त्यावरचा फुकटचा उपाय आहे.

येथे पुष्कळांच्या मनात एक शंका येते. गरम हवा वर जाते, मग पंखे खालून वरच लावले पाहिजेत ना? तपासून पाहू. पेटीची उंची ३० सें.मी. आणि आतील हवा १५ अंशांनी गरम धरली, तर तिच्या हलकेपणामुळे निर्माण होणारा दाब सुमारे ०.१७ पास्कल येतो. वर सांगितलेल्या पंख्याचा कमाल दाब सुमारे २३ पास्कल, म्हणजे शंभरपटीहून अधिक. पंखा निम्म्या वेगाने फिरविला तर दाब चौथा हिस्सा होतो. तरीही पंखाच कितीतरी बलवान ठरतो. पंखे चालू असलेल्या पेटीत हवा कोठे जायचे ते पंखेच ठरवितात. गरम हवेचे वर जाणे चुलीवरच्या धुराड्यात महत्त्वाचे, या बादलीत नव्हे.

महत्त्वाचे आहे ते दुसरेच, आणि ते समजण्यासाठी तपमानाच्या पायऱ्या मांडल्या पाहिजेत. पहिली पायरी खोलीचे तपमान. तिच्यावर पेटीतील हवेची वाढ. तिच्यावर हीटसिंक आणि चिप यांच्यातील फरक. या तिन्हींची बेरीज म्हणजे चिपचे तपमान, आणि त्याला वर पक्के छत असते. ‘रायझेन ७ ७८००एक्स३डी’ या २०२३ सालच्या प्रोसेसरसाठी कंपनीने ८९ अंशांची मर्यादा दिली आहे. ‘आरटीएक्स ४०७०’ या त्याच वर्षीच्या ग्राफिक्स कार्डासाठी ९० अंशांची. छत जवळ आले की चिप जळत नाही. ती स्वतःच आपला वेग उतरविते आणि खेळ अडखळू लागतो. म्हणजे महागडे कार्ड घ्यायचे आणि त्याच्याकडून स्वस्त कार्डाचे काम करून घ्यायचे!

हे कार्ड २०० वॅटचे आहे. समजा, त्याचा हीटसिंक दर वॅटला ०.२ अंश फरक ठेवतो. म्हणजे शेवटची पायरी ४० अंशांची. खोली ३० अंशांवर, पेटीतील हवा १५ अंशांनी गरम. कार्डाने ही गरम हवा ओढली तर चिप ८५ अंशांवर जाईल. पण तेच कार्ड बाहेरची ताजी हवा थेट ओढू शकले तर मधली पायरी गळून पडते आणि चिप ७० अंशांवर राहते. १५ अंशांचा हा लाभ कोणताही नवा पंखा न घेता मिळाला. चांगल्या लहान कॅबिनेटचे मर्म हेच आहे. त्यात ग्राफिक्स कार्डाचे पंखे जाळीला अगदी लागून असतात. एनआर२०० मध्ये ते तळाच्या जाळीकडे तोंड करून असतात. काही कॅबिनेटांत मदरबोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून बसवितात आणि कार्ड बाजूच्या जाळीतून श्वास घेते. अशी पेटी मोठ्या पेटीपेक्षा गरम असलीच पाहिजे असे नाही.

मात्र जाळीच्या जागी काच आली की सारे फुकट जाते. काचेतून आतले रंगीत दिवे दिसतात हे खरे. पण ते दिवे वाऱ्याला काडीची मदत करीत नाहीत. तळातून हवा घेणारी पेटी गादीवर किंवा जाड सतरंजीवर ठेवणे म्हणजे तिचे नाक दाबणे होय. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवली तर पेटी स्वतःचीच सोडलेली गरम हवा पुन्हा आत घेते आणि पहिली पायरीच चढत जाते.

असे परत फिरणे पेटीच्या आतही घडते. कार्डाचे पंखे आणि जाळी यांत ४-५ सें.मी. मोकळी जागा राहिली तर कार्डाने सोडलेली गरम हवा कडेने वळून पुन्हा त्याच पंख्यांत शिरते. त्या जागेत दोन पंखे आत हवा घेणारे बसविले की हा चोरमार्ग बंद होतो. जाड कार्डामुळे जागा कमी उरली असेल तर नेहमीच्या २५ मि.मी.ऐवजी १५ मि.मी. जाडीचे पंखे चालतात. वरचे दोन आणि मागचा एक पंखा हवा बाहेर टाकणारे ठेवावेत. पंख्याची दिशा ओळखणे सोपे आहे : ज्या बाजूला आधाराच्या दांड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते.

आता भागांची निवड. पायऱ्यांची कल्पना पक्की झाली की ती निम्मी आपोआप होते. प्रोसेसरवर उंच हीटसिंक बसतो का ते कॅबिनेटच्या मापांवरून पाहावे. एनआर२०० मध्ये सुमारे १५५ मि.मी. उंचीपर्यंतचा बसतो, अगदी लहान पेटीत ३७ मि.मी.च्या बुटक्यावर भागवावे लागते, आणि मग प्रोसेसरही कमी वॅटचाच घेतला पाहिजे. पॉवर सप्लाय ‘एसएफएक्स’ मापाचा घ्यावा. नेहमीचा ‘एटीएक्स’ पॉवर सप्लाय १५ × १४ × ८.६ सें.मी., म्हणजे १.८ लिटर जागा खातो, एसएफएक्स १२.५ × १० × ६.३५ सें.मी., म्हणजे ०.८ लिटर. एक लिटर हवेची वाट मोकळी झाली. त्याच्या तारा सुट्या होणाऱ्या असाव्यात, म्हणजे नको त्या खोक्यातच राहतात. त्याची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असावी. वाया जाणारी वीजही उष्णता होऊन त्याच पेटीत पडते. मदरबोर्डाच्या पाठीमागे बसणाऱ्या साठवणुकीच्या चिपला वारा लागत नाही, तेव्हा शक्य तर ती पुढच्या बाजूला बसवावी.

राहिला मे महिना. नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर ४५ अंश असतात तेव्हा खोलीत ३८ असणे काही विशेष नाही. पहिली पायरी ८ अंशांनी उंचावली. गरम हवा ओढणारे आपले कार्ड ८५ वरून ९३ वर जाईल, म्हणजे छताच्याही वर. अर्थात तेथे पोहोचण्यापूर्वीच ते वेग उतरवील. पंख्यांनी हे ८ अंश परत मिळविणे कठीण आहे. पण दुसरी वाट आहे. चिपमध्ये वाया जाणारी शक्ती, गळतीचा भाग सोडला तर, वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टता १० टक्क्यांनी कमी केली आणि वेग तोच राखता आला, तर शक्ती ०.९ × ०.९ = ०.८१ पट होते. २०० वॅटचे कार्ड १६२ वॅटवर येते, शेवटची पायरी ४० वरून सुमारे ३२ अंशांवर उतरते, आणि मे महिन्याने चढविलेले ८ अंश परत मिळतात. शिवाय पेटीत कमी उष्णता पडल्यामुळे मधली पायरीही थोडी खाली येते. कारखान्यात व्होल्टता थोडी राखून, वरचढ ठरविलेली असते, त्यामुळे पुष्कळ कार्डांना इतकी कपात सोसते. प्रत्येकाला सोसेलच असे नाही. म्हणून थोडी थोडी कमी करीत जावे, आणि खेळ मधेच बंद पडू लागला की एक पाऊल मागे यावे. हा बदल सॉफ्टवेअरमधून होतो, स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

सारे जुळवून झाल्यावर वारा खरोखर आपण ठरविल्याप्रमाणे वाहतो का ते कसे पाहाल? वर्तमानपत्राची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापा आणि पेटीच्या बाहेरून प्रत्येक जाळीजवळ धरा. आत घेणाऱ्या जाळीला ती चिकटेल, बाहेर टाकणाऱ्या जाळीपासून दूर उडेल. जेथे पट्टी नुसतीच थरथरते तेथे हवा येतही नाही आणि जातही नाही. त्या बाजूला कोणता भाग बसविला आहे ते झाकण उघडून पाहा.