हातगुण मोजला तेव्हा

अमुक डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन बर्कमायर या सर्जननी सहकाऱ्यांसह हा गुण चक्क मोजला, आणि तोही वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत.

गॅस्ट्रिक बायपास नावाची ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करतात. पोटावर बोटभर छिद्रं पाडून आत कॅमेरा आणि लांब दांड्यांची हत्यारं सोडायची. स्टेपलरनं जठराच्या वरच्या टोकाला सुमारे 30 मिलिलिटरची छोटी पिशवी वेगळी करायची आणि लहान आतडं वर ओढून तिला जोडायचं. हा जोड गळला, तर पोटात जंतुसंसर्ग पसरून जिवावर बेततं.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं चित्रण आपसूक करता येतं. राज्यातल्या 20 सर्जननी स्वखुशीनं आपापल्या एका बायपासचा व्हिडिओ दिला. पडद्यावर ना चेहरा, ना नाव; फक्त आतडं आणि त्यावर फिरणारी हत्यारं. प्रत्येक व्हिडिओ किमान 10 समव्यवसायी सर्जननी पाहिला आणि 1 ते 5 गुण दिले. आतडं अलगद उचललं की चिमटून ओढलं? हत्यार थेट मुक्कामी पोहोचलं की चाचपडत राहिलं? एका टप्प्यावरून पुढचा टप्पा ओघानं आला का? सगळेच अनुभवी सर्जन, तरी सरासरी गुण 2.6 पासून 4.8 पर्यंत पसरले.

मग हे गुण 10,343 रुग्णांच्या नोंदींशेजारी ठेवले. तळाच्या पाव गटातल्या सर्जनच्या रुग्णांपैकी 14.5 टक्क्यांना गुंतागुंत झाली होती, वरच्या पाव गटात 5.2 टक्क्यांना. मृत्यूचं प्रमाण 0.26 टक्के आणि 0.05 टक्के. वरच्या गटाची शस्त्रक्रिया सरासरी 98 मिनिटांत उरके, तळाच्या गटाची 137 मिनिटांत. मला थक्क करतं ते हे, की व्हिडिओ प्रत्येकाचा एकच होता, आणि तोही ज्यानं त्यानं स्वतः निवडून दिलेला! तरी त्यातून इतकं दिसलं. 2013 मध्ये हे संशोधन ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं.

पुढची गोष्ट याहून नवलाची. 2016 मध्ये याच सर्जनच्या रुग्णांचं वर्षभरानंतरचं वजन तपासलं, तर दोन्ही गटांत उतार जवळपास सारखाच. म्हणजे आतड्याची वाट एकदा बदलली की भुकेच्या संप्रेरकांचा कारभार बदलतो आणि वजन त्याच्या गतीनं उतरतं. सर्जनच्या हाताची सफाई रुग्णाला तारते ती पहिल्या महिन्याभरात, टाके भरून येईपर्यंत.

फक्त 20 सर्जनवर बेतलेला हा अभ्यास शेवटचा शब्द नव्हे, हे खरं. पण आपलं काम परक्या नजरेपुढे ठेवायला सर्जन तयार झाले, याचं मोल मला आकड्यांहून जास्त वाटतं.

घरात कुणी या शस्त्रक्रियेचा विचार करत असेल, तर डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा: वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता? गुंतागुंतीची नोंद ठेवता का? बी-12, लोह आणि इतर पूरक गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील. त्यासाठीच्या रक्ततपासण्यांचा पाठपुरावा कोण करणार? उत्तरं मिळाल्यावरच तारीख ठरवा.