सलाईन म्हणजे अन्न नव्हे

कारापुराहून एखादा रुग्ण बांबोळीच्या इस्पितळात नेला की सोबतचे आप्त प्रथम खाटेशेजारी टांगलेल्या पिशवीकडे पाहतात. 'सलाईन चालू आहे, पोटाला काही आधार झाला', असे म्हणून ते समाधान मानतात. हा समज चुकीचा आहे.

सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. एका लिटरात 9 ग्रॅम मीठ. 1832 साली स्कॉटलंडमध्ये पटकीच्या साथीत टॉमस लाटा या वैद्याने असे पाणी प्रथम रुग्णांच्या शिरेत सोडले. त्याने शरीरातील पाण्याची तूट भरून निघते, पोषण होत नाही. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या लिटरभर पाण्यात साखर असते ती 50 ग्रॅम. दिवसाच्या गरजेचा जेमतेम दशांश.

खरे अन्नही शिरेतून देता येते. त्यास पॅरेंटरल पोषण म्हणतात. या ग्रीक शब्दाचा अर्थ 'आतड्याला वगळून' असा आहे. अशा अन्नावर कुत्र्याची पिल्ले वाढतात, हे अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक व सहकाऱ्यांनी 1968 साली दाखविले. त्यात प्रथिनांचे घटक, साखर, स्निग्ध पदार्थ, क्षार व जीवनसत्त्वे असतात. हे द्रव दाट असल्याने हाताच्या बारीक शिरेला सोसत नाही. म्हणून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नळी घालतात. तीच 'सेंट्रल लाईन'. आतडे काम करीत असेल तर मात्र नाकातून जठरात जाणारी नळीच श्रेयस्कर.

'कॅथेटर' या शब्दाने घोटाळा होतो. सेंट्रल लाईन हेही कॅथेटरच, आणि लघवीची नळी हेही कॅथेटरच. तेव्हा कोणती नळी, हे विचारून घ्यावे. शिरेची पिशवी रुग्णाच्या वर टांगलेली असते. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खालीच राहिली पाहिजे, पण जमिनीला टेकू नये. रुग्णास हलविताना ती वर उचलल्यास लघवी उलट फिरते व जंतूंना वाट मिळते.

'फ्लश' म्हणजे नळी चोंदू नये म्हणून तिच्यातून थोडे सलाईन सोडणे. ते काम परिचारिकेचे. 'फ्लेबायटिस' म्हणजे शिरेचा दाह: जागा लाल होते, दुखते, शीर दोरीसारखी कठीण लागते. हे दिसताच, किंवा द्रव चालू असता हुडहुडी भरून ताप आल्यास, क्षणही न दवडता परिचारिकेस सांगावे. नळीतील जंतू थेट रक्तात जातात. नळीस हात लावण्यापूर्वी तो साबणाने धुतला आहे ना, हे कोणालाही विनयाने विचारण्यात संकोच नसावा. शब्द नीट कळला, तर सोबतीला बसलेले माणूसही रुग्णाचा प्राण वाचवू शकते.