सव्वापाचचा सराव

डिसेंबरचा रविवार. शाळेला सुट्टी आहे, सरावाला नाही. दिंडोरीत पहाटेचे सव्वापाच वाजलेत आणि मैदानावर उजेड म्हणाल तर ऑफिसच्या व्हरांड्यातल्या एका दिव्याचा. तेवढ्याच उजेडात सर घमेलं घेऊन वाकलेत, पुसलेली रेघ चुन्याने पुन्हा ओढतायत. दव इतकं पडलंय की चुना पडल्या पडल्या ओला होतोय.

मुली येतायत. कुणी सायकलवर, कुणी वडिलांच्या गाडीवर मागे बसून, कानाला ओढणी गुंडाळून. "स्वेटर काढायचे नाहीत अजून. दोन चकरा हळू."

एवढ्या लवकर का, तर सातला चौकात पिकअप लागते. ऑक्टोबरची छाटणी झालेल्या द्राक्षबागांमध्ये सध्या थिनिंग जोरात आहे, आणि सुट्टीच्या दिवशी यातल्या बऱ्याच जणी आईबरोबर कात्री घेऊन जातात. दिवसभर मान वर करून घडातले मणी विरळ करायचे. सरांनी त्यावर तक्रार केली नाही, सरावाची वेळच अलीकडे ओढली.

एक मुलगी लंगडतेय. सर खाली बसतात, तिचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतात. टाचेला भेग आहे, खोल, कडेला माती बसलेली. बाटलीतलं पाणी ओतून ते ती स्वच्छ करतात, रुमालाने कोरडी करतात आणि पट्टी आडवी, मग तिरपी, अशी चिकटवतात. "टेकवून बघ. दुखलं तर आज फक्त चालायचं. मला फसवायचं नाही." ती टेकवते, मान हलवते. सर तिचा चेहरा बघत राहतात. "चालायचं," ते म्हणतात.

आता पाच चकरा. दोनशे मीटरची एक. "पहिलीत मारामारी नको, शेवटच्या दोन माझ्यासाठी पळा!" घड्याळावरून अंगठा हटत नाही, वेळा मोठ्याने पुकारल्या जातात: बेचाळीस, त्रेचाळीस, त्रेचाळीस. शेवटून दुसरी त्यांची स्वतःची मुलगी आहे. मैदानावर ती त्यांना सरच म्हणते. तिचीही वेळ त्याच वहीत, इतरांच्या रांगेत.

सहाच्या सुमारास मॅडम, म्हणजे सरांच्या पत्नी, स्कूटीवरून डबा आणतात. भिजवलेले हरभरे, गूळ. डबा उघडायच्या आधीच त्या मुली मोजतात. नाणशीच्या बाजूच्या पाड्यावरच्या दोघी स्पर्धेआधी यांच्याच घरी राहतात. दोन खोल्यांचं घर, एका खोलीत तिन्ही मुली. पदकाच्या बातमीत सरांचं नाव तरी कधीमधी येतं, मॅडमचं कुठेच नसतं. मला ते खटकतं.

याच तालुक्यातल्या पिंपळगाव केतकीची मोनिका आथरे 2017 साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं ब्राँझ आणलं. दोघींना घडवलं नाशिकच्या विजेंद्र सिंग यांनी. पण एखादी मुलगी नाशिकच्या प्रशिक्षकाच्या नजरेला पडायची, तर त्याआधी तिला कुणीतरी गावात धावती ठेवावी लागते. ते काम इथे, या ओल्या चुन्यावर चाललंय.

कडेला एक वडील गाडी स्टँडवर लावून कधीचे उभे आहेत. "सर, या आठवड्यात नाही जमायचं. टोळीने बाग उक्ती घेतलीय. एक हात कमी झाला की सगळ्यांचं लांबतं."

सर त्यांना स्वप्नं दाखवत नाहीत. "माझीपण दीड एकर आहे दादा. मणी थांबत नाहीत, मला ठाऊक आहे. सोमवार तुमचा. मंगळवार ते शुक्रवार पहाट मला द्या, सातच्या आत मोकळी करतो. शनिवारी नाशिकला स्पर्धा. संध्याकाळी घरी आणून सोडतो."

वडील जमिनीकडे बघतात. "बरोबर बाईमाणूस कोण?"

"मी आहे ना," डब्याचं झाकण लावत मॅडम म्हणतात. "तिच्या आईला सांगा, मीच नेते आणि मीच आणते. रात्री फोन करते मी त्यांना."

वडील लेकीकडे बघतात. ती गूळ चघळायची थांबलीय. ते किक मारतात. "मंगळवारी पाचलाच आणून सोडतो. मला पुढे मार्केटला जायचंय."