शांतीसाठी चालणाऱ्या निर्मलाताई

पेण तालुक्यात गागोदे नावाचे गाव आहे. विनोबा भावे यांचा जन्म या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. पेण-रोह्याच्या माणसाला हे सांगायला नको. पण विनोबांच्या मागून चालत निघालेली एक मुलगी पुढे दिल्लीला राज्यसभेत बसली आणि जन्मभर 'लढाई नको' असे सांगत राहिली, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. तिचे नाव निर्मला देशपांडे.

आधी विनोबांची गोष्ट ऐका. १९३९ साली युरोपात महायुद्ध पेटले. इंग्रज सरकारने हिंदुस्थानला न विचारताच त्यात ओढले. गांधीजी म्हणाले, याला विरोध करायचा. पहिला सत्याग्रही म्हणून त्यांनी विनोबांना निवडले. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी वर्ध्याजवळ पवनारला युद्धाविरुद्ध भाषण केले. सरकारने त्यांना तुरुंगात टाकले.

निर्मलाताईंचा जन्म १९२९ चा, नागपूरचा. वडील पु. य. देशपांडे हे मराठीतले नावाजलेले लेखक. ताई खूप शिकल्या, कॉलेजात शिकवूही लागल्या. पण १९५२ साली त्या भूदानात शिरल्या. भूदान म्हणजे काय? ज्याच्याकडे जास्त जमीन आहे त्याने आपल्या खुशीने थोडी भूमिहीनाला द्यावी. मारामारी नाही, जबरदस्ती नाही. त्यासाठी ताई सुमारे ४० हजार किलोमीटर पायी हिंडल्या. पेणहून रोह्याला शेकडो वेळा जाऊन यावे, एवढी ती वाट!

पुढे पंजाबात आणि काश्मीरात माणसे मारली जात होती. लोक घराबाहेर पडायला भीत. तिथेही ताई शांतियात्रा घेऊन गेल्या. लोक त्यांना 'दीदी' म्हणू लागले.

राज्यसभेत बहुतेक सभासद आमदारांच्या मतांनी निवडून जातात. पण १२ सभासद राष्ट्रपती नेमतात. साहित्य, शास्त्र, कला किंवा समाजसेवा यांत ज्यांनी मोठे काम केले, त्यांना हा मान मिळतो. निर्मलाताईंना तो दोनदा मिळाला, १९९७ साली आणि पुन्हा २००४ साली.

मधल्या काळात, १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलची लढाई झाली. दोन्ही देशांचे शेकडो जवान मेले. मने कडू झाली. अशा वेळी, मार्च २००० मध्ये, ताई बायकांची एक बस घेऊन दिल्लीहून लाहोरला गेल्या. मुलगा गेला की आई रडते. ती या देशाची असो की त्या देशाची. हेच सांगायला त्या गेल्या.

कुणी म्हणेल, 'शत्रू अंगावर आला तर काय हात जोडायचे?' प्रश्न खरा आहे. सीमेवर उभ्या जवानाला कुणी कमी लेखू नये. पण लढाई थांबली तरी शेजारी तिथेच राहतो. गावातच बघा ना. शेताच्या बांधावरून दोन भाऊ कोर्टात जातात. वकिलाच्या फीपायी जमीन विकावी लागते, आणि बांध असतो तिथेच राहतो. शेवटी बोलावेच लागते. मग आधीच का बोलू नये? ताईंच्या कामाचे सार हेच.

सगळ्यांना हे पटले असे नाही. लोक रागावलेले असताना शांतीची भाषा बोलायला छाती लागते. ती ताईंकडे होती.

२००६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. १ मे २००८ ला दिल्लीत त्या वारल्या. त्यांच्या काही अस्थी पाकिस्तानात नेऊन सिंधू नदीत सोडल्या. पुढच्या वर्षी पाकिस्ताननेही त्यांच्या मागे त्यांना मोठा किताब दिला. ज्या दोन देशांत तीन-चार लढाया झाल्या, त्या दोघांनीही एकाच बाईला मान दिला.

तुमच्या गावात कुणाचे बोलणे बंद आहे का? पहिला शब्द कुणी बोलावा? वर्गात बसून यावर बोला.