प्रश्न एकाच रात्रीचा आहे: तरुणांच्या दारूबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गटारी, थर्टी फर्स्ट, सेमिस्टरचा शेवटचा पेपर, मित्राचा वाढदिवस. एरवी दारूला हात न लावणारी मुलंमुलीही अशा रात्री तासा-दोन तासांत भरपूर पितात. घरच्यांना काळजी असते ती व्यसनाची. पण व्यसन जडायला काळ जावा लागतो, जीव जायला एक रात्र पुरते. म्हणून एका बैठकीत किती आणि किती वेगाने प्यायलं जातं, याकडे आधी बघायला हवं.

गैरसमज १ : ‘रोज कुठे पितो? कधीतरी एखादी क्वार्टर!’

वस्तुस्थिती : एका वेळी ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त शुद्ध अल्कोहोल पोटात गेलं, तर जागतिक आरोग्य संघटना ते अतिमद्यपान मानते. आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की-रममध्ये अल्कोहोलचं प्रमाण ४२.८ टक्के असतं. म्हणजे १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्येच सुमारे ६० ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निचरा करतं. मध्यरात्री संपवलेली क्वार्टर सकाळी बाइकला किक मारतानाही रक्तात असू शकते. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात फक्त ३० मिलीग्रॅम आहे.

गैरसमज २ : ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे.’

वस्तुस्थिती : ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल, व्हिस्कीच्या ३० मिलीच्या चार पेगांएवढं. अशा दोन बाटल्या क्वार्टरलाही मागे टाकतात.

गैरसमज ३ : ‘उलटी झाली ना? आता झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल.’

वस्तुस्थिती : सगळ्यात घातक गैरसमज हाच. पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात उतरतच असते. त्यामुळे झोपेतही नशा वाढत जाते, श्वास मंदावतो, शरीर गार पडतं, रक्तातली साखर उतरते. घशात काही अडकलं तर ठसका लागून ते बाहेर पडतं, ही शरीराची राखणच बधिर होते. उताणा झोपलेला मुलगा स्वतःच्याच उलटीने गुदमरू शकतो.

हाक मारून, हलवून तो उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, अंग गार लागत असेल किंवा झटके येत असतील, तर लगेच १०८ ला फोन करा. यातलं एकच लक्षण दिसलं तरी पुरे. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला कुशीवर वळवून ठेवा, शेजारून हलू नका. तोंडात बोटं घालून उलटी काढू नका, बळेबळे पाणी किंवा चहा पाजू नका. श्वासच थांबला तर छाती दाबायला सुरुवात करा.

गैरसमज ४ : ‘लिंबू-पाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, की उतरते.’

वस्तुस्थिती : यकृताचा वेग यातल्या कशानेही वाढत नाही. कॉफी किंवा एनर्जी ड्रिंकने फक्त झोप उडते. मग माणसाला आपण ठीक आहोत असं वाटतं आणि तो आणखी पितो किंवा गाडीची किल्ली उचलतो. गार पाण्याने आधीच उतरलेलं शरीराचं तापमान आणखी घसरतं.

गैरसमज ५ : ‘ज्याला चढत नाही तो खरा गडी.’

वस्तुस्थिती : न चढणं म्हणजे मेंदू दारूला सरावला. यकृताला होणारी इजा त्याने कमी होत नाही. ‘रात्रीचं काही आठवतच नाही’ हे हसत सांगितलं जातं, पण त्या वेळी मेंदूत आठवणी साठणंच बंद पडलेलं असतं. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत सुरू असते. सारासार विचार करणारा भाग सर्वांत शेवटी पक्का होतो, आणि नेमक्या त्याच वयात हा मारा होतो.

गैरसमज ६ : ‘घरीच थोडी चाखवली, तर बाहेर जाऊन जास्त पिणार नाही.’

वस्तुस्थिती : घरून मिळालेल्या दारूने मुलं सुरक्षित राहतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. जितक्या लहान वयात सुरुवात, तितका पुढे व्यसनाचा धोका जास्त. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. तिला घरातूनच फाटा देऊ नये.

मित्र बेशुद्ध पडला, तरी पोरं फोन करत नाहीत. घरी कळेल, हॉस्टेलमधून काढतील, पोलीस येतील, ही धास्ती असते. ती घालवणं मोठ्यांच्या हाती आहे. ‘कुठेही, कितीही वाजता अडचण आली तर फोन कर. आधी घ्यायला येऊ, बोलायचं ते दुसऱ्या दिवशी बोलू,’ हे आई-वडिलांनी आणि वॉर्डननी आजच स्पष्ट सांगावं आणि शब्द पाळावा. पिणं आवरत नसेल तर व्यसनमुक्तीची १४४४६ ही आणि मनाच्या तक्रारींसाठी टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन मोफत आहे. मित्रांनीही एक ठरवून टाकावं : ‘घे रे, एकाने काय होतंय’ असा आग्रह कुणाला करायचा नाही, आणि जो पडलाय त्याला एकटं सोडायचं नाही.